आधी उधळलं, मग उतरलं: गरोदरपणातल्या वजनाचं एक प्रकरण

वय २६, पहिलंच गरोदरपण, उंची १५२ सेंटीमीटर, दिवस जायच्या आधीचं वजन ५६ किलो. सांगली जिल्ह्यातलं उसाच्या पट्ट्यातलं गाव, घरात पाच माणसं: ती, नवरा जो तालुक्याच्या गावी दुकानात असतो, सासरे, कॉलेजला जाणारा दीर, आणि सासूबाई, ज्या घर आणि गोठा दोन्ही बघतात. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असं जे होतं ते बदललंय. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे एकाच बाईच्या एकाच गरोदरपणात आधी "खा, खा" म्हणून वजन उधळलं आणि मग "खाऊ नको" म्हणून उतरलं, आणि दोन्ही वेळा तिच्या ताटात काय पडणार हे ठरवणारं माणूस ती स्वतः नव्हतीच. आपण सल्ला देतो खाणारीला, आणि पळी असते दुसरीच्या हातात. हे लक्षात न घेता दिलेला डाएट चार्ट फ्रिजवर चिकटवून ठेवायच्या लायकीचा राहतो, बाकी काही नाही.

वजनाचं कार्ड आधी सांगते. आठव्या आठवड्यात ५६. मग उलट्या सुरू झाल्या, फोडणीचा वास आला तरी उमाळे यायचे, तेराव्या आठवड्यात ५३.५. चौदाव्या आठवड्यात, एप्रिलच्या सुरुवातीला, ती माहेरी गेली. सोळाव्याला ५६, विसाव्याला ६०.२, चोविसाव्याला ६३.४. म्हणजे तेरा ते चोवीस या अकरा आठवड्यांत जवळजवळ दहा किलो. आणि मग अठ्ठाविसाव्याला ६१.८, म्हणजे गरोदरपणाच्या नेमक्या त्या काळात दीड किलो खाली जिथे बाळ खरं वजन घ्यायला सुरुवात करतं.

आता किती वाढायला हवं होतं? इथे पहिला गोंधळ आहे. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४.२. जगभर वापरतात त्या तक्त्याप्रमाणे १८.५ ते २४.९ म्हणजे नॉर्मल, पण भारतीयांमध्ये पोटाभोवती चरबी लवकर साठते, शुगरही कमी वजनावर होते, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे गेलं की ओव्हरवेट धरतात. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेले आकडे सगळीकडे वापरले जातात: बारीक बाईने साडेबारा ते अठरा किलो वाढवावं, नॉर्मल असेल तर साडेअकरा ते सोळा, ओव्हरवेट असेल तर सात ते साडेअकरा, आणि बीएमआय तीसच्या वर असेल तर पाच ते नऊ. म्हणजे एका तक्त्याने हिला सोळा किलोपर्यंत मुभा आणि दुसऱ्याने साडेअकराला थांब. आपल्याकडे साधारण दहा-बारा किलो असं सरसकट सांगतात. तिच्या डॉक्टरांनी आणि मी मिळून नऊ ते अकरा धरलं, कारण उंची कमी, आजोळी दोघांना शुगर, आणि लग्नाआधी तिचं वजन ५० च होतं, वरचे सहा किलो लग्नानंतरच्या दोन वर्षांत चढलेले. असे प्रश्न विचारावे लागतात, नुसता तक्ता बघून जमत नाही.

माहेरचं सांगते. तिच्या आईचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. लेक गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले अशी दारात आली तर कुठली आई गप्प बसेल? वांत्या थांबल्या तशी भूक खवळली आणि आईने मन लावून घातलं. सकाळी केशर आणि साखर घातलेलं दूध, त्याबरोबर डिंकाचे दोन लाडू, नाश्त्याला शिरा किंवा पोहे, अकराला ज्यूस, जेवणात पोळीवर तूप, भात, वर आमरस कारण आंब्याचे दिवस, चारला परत दूध-बिस्किटं, रात्री जेवण आणि झोपताना पुन्हा दूध. "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हे वाक्य दिवसातून कितीदा. डिंकाच्या एका मध्यम लाडवात दोनशेच्या वर कॅलरी असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने गरोदरपणात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत रोज ३५० कॅलरी जास्तीच्या सांगितल्यात, त्या सकाळी आठच्या आत दोन लाडवांतच संपायच्या. ३५० म्हणजे खरं तर किती कमी आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं: एक भाकरी आणि एक वाटी उसळ, बस. पहिल्या तिमाहीत तर जास्तीचं काहीच लागत नाही, फॉलिक ॲसिडची गोळी सोडून.

बरं, एवढं खाऊन त्यात प्रोटीन किती, पालेभाजी किती? आई म्हणाली पालेभाजी पावसाळ्याच्या तोंडावर नको, उसळीने गॅस होतो, अंडं गरम पडतं. म्हणजे गोड, तूप, पांढरं पीठ आणि फळांचा रस यावर वजन वाढलं आणि रक्त तसंच राहिलं.

पंचविसाव्या आठवड्यात सासरी परत आल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघितली, १५८ आली. आपल्याकडे ही तपासणी उपाशीपोटीच हवी असं नाही, कधीही पाजतात आणि दोन तासांनी १४० किंवा वर आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीतली नॉर्मल होती. हिमोग्लोबिन ९.४. घरातल्यांना हे कळेना, एवढी अंगाने भरली आणि रक्त कमी कसं? वजन आणि रक्त यांचा तसा संबंध नाही हे पटवायला वेळ लागतो. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया, १० च्या खाली म्हणजे मध्यम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका ॲनिमिक निघाल्यात, त्यात जाड बायका नाहीत असं थोडंच आहे.

त्या दिवशी ओपीडीत तिला जे सांगितलं गेलं ते चार शब्दांचं होतं: गोड बंद, भात बंद, वजन कंट्रोल, पंधरा दिवसांनी या. गर्दीत एवढंच होतं, समजू शकते. पण त्याबरोबर एक वाक्य आलं, "शुगरमुळे बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं". हे वाक्य खरं आहे. शुगर ताब्यात नसेल तर बाळ प्रमाणाबाहेर मोठं होऊ शकतं. फक्त ते जिथे जाऊन पडलं ती जागा आधीच तयार होती. आपल्याकडच्या जुन्या बायकांना पक्कं माहीत असतं की शेवटच्या महिन्यांत सुनेनं पोटभर खाल्लं की बाळ वाढतं आणि अडतं, म्हणून सातव्यानंतर बेताचं खायचं. सासूबाईंच्या सासूने त्यांना असंच ठेवलं होतं, तीन बाळंतपणं घरात झाली, तिन्ही सुटली. आता खुद्द डॉक्टरनेच तेच सांगितलं म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीने विषय संपला. डॉक्टरचं "बेतानं" आणि आजेसासूचं "बेतानं" एकमेकांवर बसलं आणि सुनेचं ताट अर्ध्यावर आलं.

माझ्याकडे आली तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं: जेवणानंतरची शुगर १०४, वजन उतरतंय, लघवीत कीटोन (अंगातली चरबी जळत असल्याची खूण) दोन प्लस, पोटाची वाढ दोन आठवड्यांनी मागे, डाएट बघा. बरोबर नवरा आणि सासूबाई. नवरा खूश होता, शुगर छान आलीय ना मॅडम म्हणून. ती स्वतः खुर्चीच्या कडेला बसलेली, ओठ सुकलेले, उठताना चक्कर येते म्हणाली आणि सासूबाईंकडे बघून गप्प झाली.

मी कालचं जेवण विचारलं, उत्तर सासूबाईंनी दिलं. माझ्यासाठी खरी माहिती तिथेच होती. सकाळी बिनसाखरेचा चहा. दहाला एक भाकरी आणि भाजी. दुपारी नुसता चहा. संध्याकाळी साडेसहाला एक भाकरी, आमटी वाटीभर, काकडी. दूध बंद कारण "दुधात साखर असती म्हणे", फळं बंद, भात बंद, शेंगदाणे बंद कारण तेल. मग साडेसहापासून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत चहाशिवाय पोटात काही नाही, साडेपंधरा तास.

"आमटीला डाळ किती घेता काकू?" म्हटलं. त्यांनी मूठ करून दाखवली. "दीड मूठ. पाच माणसांना." तूरडाळीची अशी दीड मूठ म्हणजे साधारण साठ ग्रॅम, पाच माणसांत वाटली की प्रत्येकी बारा, त्यात प्रोटीन अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि वरची निवळ सुनेला आणि खालचं दाट पुरुषांच्या ताटात गेलं तर तेवढंही नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत नेहमीच्या गरजेवर रोज बावीस ग्रॅम प्रोटीन जास्त हवं असं आपल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे सांगतात. कागदावर "एक वाटी वरण" लिहून दिलं की आपल्याला वाटतं सात ग्रॅम गेले, आणि त्या वाटीत असतं हळदीचं फोडणी दिलेलं पाणी. मी आता वाटी कधीच लिहून देत नाही, डाळ किती माणसांना किती घेता ते विचारते.

भाकरीचंही तसंच. त्यांची भाकरी मोठी, ऐंशी ग्रॅम पिठाची धरली तरी दोन भाकरींत कार्बोहायड्रेट एकशेदहा ग्रॅमच्या आसपास. गरोदर बाईला दिवसाला कमीत कमी १७५ ग्रॅम लागतात, शुगर असली तरी. ते मिळाले नाहीत की शरीर स्वतःची चरबी जाळायला काढतं आणि लघवीत कीटोन दिसायला लागतात. सासूबाईंना मी असं सांगितलं की चुलीत जळण नसलं की घरातली पाट-फळकुटं जाळायला काढावी लागतात, स्वयंपाक होतो पण घर रिकामं होतं, आणि रिपोर्टमधली १०४ ही तशी आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग बाळ काय खातंय?" इथून पुढे काम सोपं झालं.

त्यांची भीती खरी होती, ती झटकून टाकली असती तर त्यांनी मान हलवून घरी जाऊन तेच केलं असतं. म्हणून मी त्यांना दहा-बारा किलो कुठे जातात ते कागदावर मांडून दाखवलं. बाळ तीन किलोच्या आसपास. वार अर्ध्या किलोच्या वर. बाळाभोवतीचं पाणी एक किलोभर. गर्भाशय वाढतं ते एक किलो. छाती अर्धा किलो. रक्त वाढतं ते सव्वा-दीड किलो, अंगातलं पाणीही साधारण तेवढंच. उरलेली दोन-तीन किलो चरबी, ती अंगावर दूध पाजताना कामाला येते. त्यांची समजूत होती की वाढलेलं सगळं वजन एक तर बाळाचं किंवा लठ्ठपणाचं. रक्तसुद्धा वजनात मोजलं जातं हे ऐकून त्यांनी दोनदा विचारलं. आणि बाळ बेताबाहेर मोठं होतं ते शुगर वाढलेली राहिल्याने, दोन घास जास्त खाल्ल्याने नाही, हे नवऱ्यासमोर, दोघांना एकदम सांगितलं, म्हणजे घरी गेल्यावर दोन वेगळ्या आवृत्त्या नकोत.

आपल्याकडचाच एक अभ्यास अशा वेळी मला फार आठवतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचं खाणं, वजन, काम सगळं मोजलं आणि त्यांची मुलं पुढे वर्षानुवर्षं तपासली. त्यात बाळाच्या वाढीचा संबंध आईने किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी फारसा लागला नाही, लागला तो दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. आणि तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा बरीच लहान, पण बारीक दिसणाऱ्या त्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त आणि स्नायू कमी. आईच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) जास्त असेल तर सहाव्या वर्षी मुलाच्या अंगात इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त, हेही याच अभ्यासातून पुढे आलं. म्हणून मला वजनाच्या आकड्याएवढंच ते कशाने वाढलं हे महत्त्वाचं वाटतं. हिचं माहेरचं दहा किलो आणि दूध-उसळ-पालेभाजीवरचं दहा किलो, काट्यावर सारखंच दिसतं.

मग चार्ट बसवला, आणि तो सासूबाईंना विचारून विचारून बसवला, त्यांच्या चुलीवर जे होतं त्यातूनच. नवीन एकच वस्तू आणायची होती, आणि ती म्हणजे लिंबं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात मुगाचं किंवा नाचणीचं धिरडं आणि दही, कारण गरोदरपणात सकाळच्या वेळी शुगर जास्त चढते, पोहे-शिरा-बिस्किट त्या वेळेला नकोच. साडेदहाला पेरू किंवा असेल ते एक फळ, रस काढून नाही, चावून. दुपारी एक भाकरी, दाट आमटी किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, त्यात तांदळी, राजगिरा, मेथी, शेपू जे परड्यात असेल ते, दही, कोशिंबिरीवर लिंबू, आणि अर्धी वाटी भात. भात बघून नवरा दचकला. अर्धी वाटी भात उसळ आणि भाजीबरोबर खाल्ला तर शुगर उडत नाही, वाटीभर भात नुसत्या आमटीच्या निवळीबरोबर खाल्ला तर उडते, हे मोजून दाखवू म्हटलं आणि पुढे मोजून दाखवलंही. चारला मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे आणि ताक. रात्री आठला भाकरी-भाजी-डाळ, आणि झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध, रात्रभर पोट रिकामं राहू नये म्हणून. दोन उकडलेली अंडी आठवड्यातून चार-पाच दिवस. घरात म्हशी दोन, दूध डेअरीला जायचं सकाळ-संध्याकाळ, त्यातलं अर्धा लिटर घरात ठेवायचं ही सासूबाईंना सर्वात जड गेलेली गोष्ट, तेव्हा सासऱ्यांनी "ठेव गं" म्हटलं म्हणून झाली, असं नंतर कळलं.

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालायचं, पाऊस असेल तर घराच्या ओसरीतच. एवढ्याने जेवणानंतरची शुगर खरंच खाली येते, बऱ्याच जणींमध्ये मी बघितलंय. डॉक्टरने चालायला मनाई केली असेल तर अर्थात नाही.

गोळ्यांकडे वळले तर अजून एक निघालं. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि चहा, तिन्ही सकाळी आठला एकदम. कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं आणि चहामुळे तर आणखीच कमी, म्हणजे सरकारी दवाखान्यातली ती लाल गोळी, ज्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती पोटात जात होती आणि बरीचशी तशीच निघून जात होती. त्यात शी काळी होते आणि कडक होते म्हणून मधूनमधून दांडी. शी काळी झाली तर घाबरायचं नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी दिवसातून दोनदा केली, दुपारी आणि संध्याकाळी पाचला, लिंबूपाण्याबरोबर, आधी-नंतर तासभर चहा नाही, आणि कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर. पालेभाजी आणि गूळ-शेंगदाण्याने रक्त भरून निघतं असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी सांगते, ९.४ असताना नुसत्या खाण्याने सात-आठ आठवड्यांत भरत नाही, गोळी लागतेच, खाणं गोळीला मदत करतं. आणि शुगर असताना गूळ ही साखरच आहे.

दोन आठवड्यांनी, तिसाव्या आठवड्यात, वजन ६२.४, लघवीत कीटोन नाहीत, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, म्हणजे अर्धी वाटी भात खाऊन, शुगर ११६. १२० च्या खाली हवी असते. नसती आली तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन सुरू करणार होते आणि ते करावंच लागलं असतं, खाणं नीट पाळूनही काहीजणींना लागतं, त्यात त्या बाईचा दोष काही नाही. सोनोग्राफीत बाळ थोडं लहान बाजूला पण वाढत होतं.

मग डोहाळजेवण. फोनवर तिने विचारलं काय करू, सगळ्या बायका भरवणार. पूर्ण नको म्हणणं मला पटत नाही, हा दिवस एकदाच येतो. पाटावर बसायच्या आधी घरचं नीट जेवून घे, भरवलेल्यातला एकेक घास घे, ओटीतले लाडू-पेढे वाटून टाक आणि संध्याकाळी चालून ये, एवढं सांगितलं. त्या दिवशीची शुगर १४६ आली, दुसऱ्या दिवशी परत ताळ्यावर. आठवड्याचा कल बघायचा असतो, एका दिवसावरून घाबरून पुन्हा ताट अर्धं करायचं नाही, हे मी मुद्दाम सासूबाईंशी बोलून घेतलं कारण १४६ ऐकून त्यांचा हात परत आखडला असता.

खरी अडचण श्रावणाने आणली. अंडी बंद झाली, ती गृहीतच होती. पण सोमवारचे उपास तिने लग्नापासून धरलेले, आणि उपासाला घरात साबुदाणा. साबुदाण्यात जवळपास सगळा स्टार्च, प्रोटीन नावाला, बत्तिसाव्या आठवड्यात शुगर असलेल्या बाईला सकाळभर उपाशी ठेवून दुपारी वाटीभर खिचडी म्हणजे आधी कीटोन आणि मग उडी, दोन्ही एकाच दिवशी. मी वरी आणि दाट शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याची भाकरी, मधे दूध आणि फळ असं लिहून द्यायला घेतलं होतं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तिचा सोमवार मी करते. माझा तर आहेच, तिच्या नावानं संध्याकाळी बेल मी वाहीन. तिनं जेवायचं." मी इतकी वर्षं लोकांना उपास सोडा म्हणून सांगतेय, हे मला कधी सुचलं नव्हतं. आता मी दुसऱ्या घरांतही विचारते, उपास दुसरं कुणी घेईल का, आणि बऱ्याच ठिकाणी कुणीतरी घेतं. अंड्यांच्या जागी मटकी रोज केली, सोयाबीनच्या वड्या आठवड्यातून दोनदा, आणि दूध एक कप वाढवलं.

बत्तिसाव्या आठवड्यात ६३, चौतिसाव्याला ६३.७, छत्तिसाव्याला ६४.४. आठवड्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. ओव्हरवेट बाईला दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत आठवड्याला साधारण २३० ते ३३० ग्रॅम सांगतात, मधे उतरलेलं भरून काढायचं होतं म्हणून किंचित जास्त चाललं. हिमोग्लोबिन छत्तिसाव्याला १०.६.

या टप्प्यावर एक गोष्ट सासूबाईंना बजावून ठेवली होती, कारण आता वजन वाढलं की त्यांना आनंद व्हायला लागला होता. आठवड्यात अचानक किलो-दीड किलो वाढलं, तोंड किंवा हात सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं झालं, तर ते खाण्याचं वजन नसतं, अंगात पाणी साठतंय आणि बीपी वाढलेलं असू शकतं. १४०/९० किंवा वर म्हणजे धोका. तेव्हा माझ्याकडे यायचं नाही, मीठ कमी करून बघायचं नाही, सरळ दवाखाना. पाय संध्याकाळी थोडे सुजणं वेगळं, ते पुष्कळ जणींना होतं, पण फरक घरात ठरवत बसू नये. हिच्या बाबतीत बीपी शेवटपर्यंत नॉर्मल राहिलं.

नवव्या महिन्यात माहेरून निरोप, आता रोज चमचा-चमचा तूप वाढवत न्या, बाळंतपण सोपं होतं. तूप प्यायल्याने वाट मोकळी होत नाही, तूप आतड्यात जातं. पण जेवणात एक-दोन चमचे तुपाला मी कधीच हरकत घेत नाही. आईला हे सांगायचं काम या वेळी सासूबाईंनी फोनवरून केलं, मी ऐकत होते, आणि ज्या बारकाईने त्यांनी कीटोन म्हणजे काय ते विहिणीला समजावलं ते माझ्याच्याने त्यांच्या भाषेत झालं नसतं.

एकोणचाळीस आठवडे भरल्यावर कळा आल्या, नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, २.८ किलो. शेवटचं वजन ६५, म्हणजे एकूण वाढ नऊ किलो. सिझर झालं असतं तरी या प्रकरणाबद्दल माझं मत बदललं नसतं, ते बऱ्याच वेगळ्या कारणांनी होतं. जन्मल्यावर बाळाची शुगर तपासली, ठीक होती, पहिल्या तासाभरात अंगावर घेतलं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत ७५ ग्रॅमची टेस्ट करायची असते आणि इथेच सगळ्यात जास्त बायका हातातून निसटतात, कारण सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, आणि "आता शुगर गेली" हे घराने परस्पर ठरवून टाकलेलं. ही आली. उपाशीपोटी ८८, दोन तासांनी १२४, दोन्ही नॉर्मल. वजन ५८.५. सासूबाईंनी विचारलं डिंक-मेथी-अळिवाचे लाडू केलेत, देऊ का. द्या, रोज एक, साखर-गूळ निम्मा करून, आणि त्याच्याबरोबर डाळ आणि दूध जसं चालू आहे तसंच, कारण पाजणाऱ्या बाईला गरोदरपणापेक्षाही जास्त लागतं, पहिल्या सहा महिन्यांत रोज सहाशे कॅलरीपर्यंत. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस. आणि जिला गरोदरपणात शुगर झाली तिला पुढे कायमची व्हायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, म्हणून दर वर्षी एकदा तपासणी, आणि पुढच्या वेळी दिवस जायच्या आधीच वजन ५५ च्या खाली आणायचा प्रयत्न. वर्षाची तारीख तिच्या नवऱ्याने मोबाईलमध्ये टाकली, आणि सासूबाईंनी मुलीच्या वाढदिवसाचा आठवडा म्हणून लक्षात ठेवली.